वहिनी, ही गाडी घेऊ का?

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की, ज्याला पहिल्यांदाच दुसऱ्या महायुद्धाआधीची गाडी घ्यायची आहे आणि घेऊन नुसती झाकून न ठेवता फिरायचं आहे, त्याने १९३७ ते ३९ मधली चार दारांची शेव्हरोले बघावी. त्यावर पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत शेवटची ओळ एकच: "अंदाजे किंमत कळवा." किंमत मी कळवणार नाही. गाडी न बघता किंमत सांगणारा दलाल असतो आणि मी लेथवाली आहे. बाकीच्यातले काही प्रश्न घेते.

"वहिनी, नमस्कार. माझा यंत्रमागाचा व्यवसाय आहे. पुण्यात एका गृहस्थांकडे १९३८ ची शेव्हरोले मास्टर सेडान आहे. काळा रंग, आत लाल रेक्झिन, क्रोममध्ये तोंड दिसतं. चार वर्षांपूर्वी नट न् नट खोलून नव्याने उभी केली आणि तेव्हापासून फक्त प्रदर्शनाला नेली, म्हणजे 'झीरो किलोमीटर' आहे असं ते म्हणतात. मला आई-वडील आणि बायकोला घेऊन कोकण, गोवा, हंपी असं फिरायचं आहे. जुन्या गाडीचा अनुभव शून्य. घेऊ का?" – एक वाचक, इचलकरंजी

गाडी तुम्ही बरोबर निवडली आहे. त्या 'झीरो किलोमीटर'वर मात्र भाळू नका.

आधी गाडीबद्दल. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, त्यामुळे आपल्याकडच्या शेव्हरोले उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. तुम्ही बघताय त्या गाडीत सहा सिलिंडरचं, वर व्हॉल्व्ह असलेलं २१६ घनइंचाचं इंजिन आहे, म्हणजे साडेतीन लिटर, ८५ हॉर्सपॉवर. चार माणसं आणि सामान घेऊन ती चढाला रडत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरला सिंक्रोमेश, म्हणजे दात न कराकरता गियर पडायची सोय, शेव्हरोलेने १९३२ पासूनच दिली होती, तेलाचे ब्रेक १९३६ ला आले आणि १९३७ ला बॉडी अख्खी पोलादी झाली. मी १९३७ ची रेघ मारली ती या शेवटच्या गोष्टीमुळे. त्याआधीच्या गाड्यांत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असायचा. गगनबावड्याचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको. लाकूड कुजतं, दार लोंबतं, बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत आणि वरून रंग मात्र चकाचक असतो. ते काम मोटारवाल्याचं नसून सुताराचं आहे आणि तसा सुतार शोधण्यातच एक उन्हाळा जातो.

आता झीरो किलोमीटर. खोलून जोडलेली गाडी चालली नाही, याचा अर्थ ती तपासलीच गेली नाही. नवीन बसवलेल्या सगळ्या चुका पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये बाहेर येतात: कुठला नट ढिला राहिला, कुठल्या गॅस्केटला घाम सुटतो, कुठली वायर पत्र्याला घासते. शिवाय चार वर्षं उभी म्हणजे रबराचे सील सुकले, ब्रेकच्या सिलिंडरमध्ये तेलाने ओल ओढून गंज धरला, टाकीत पेट्रोलचा डिंक झाला. मला विचाराल तर इंजिनावर तेलाचे दोन डाग असलेली, सीटची कड झिजलेली, पण दर रविवारी बाहेर निघणारी गाडी मी आधी घेईन. हीच घ्यायची असेल, तर मालकाला म्हणा, दोनशे किलोमीटर फिरवून दाखवा, मग बोलू. कां-कू करायला लागला तर उत्तर मिळालं.

बघायला जाताना खिशात एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या. दारांची खालची कड, मडगार्डची चाकाकडची बाजू, फूटबोर्डवरचा पत्रा इथे लावत जा. जिथे चुंबक घसरतो तिथे आत पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. थोडी लांबी सगळ्यांतच असते, नव्वदीला टेकलेल्या पत्र्याला तेवढं माफ. वीतभर जागेत चुंबक कुठेच धरत नसेल तर पुढं बघू नका.

इंजिनाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या घरची रोजीरोटी त्यावर आहे. या इंजिनात आजच्यासारखी पातळ शेल बेअरिंग नसतात. कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. त्याच्या मोठ्या तोंडात व्हाइट मेटल, म्हणजे मऊ मिश्रधातू, ओतलेला असतो आणि तो थेट क्रँकवर फिरतो. तेलही तिथं आजच्यासारखं दाबाने आतून जात नाही. रॉडच्या टोपीला खाली छोटा चमचा असतो, तो प्रत्येक फेरीला तळातल्या पन्हाळीतून तेल उपसतो, आणि वेग वाढला की नळीतून उडणारी धार त्या चमच्यात बसते. म्हणून तेलाच्या मीटरचा काटा चालत्या गाडीत पंधरा पौंडांच्या आसपास दिसला तर घाबरू नका, त्या गाडीचं तेच बरोबर आहे. नवखे लोक तो काटा बघून इंजिन खोलायला लावतात आणि मेस्त्री खुशीने खोलतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हा व्हाइट मेटल ओतणारे हात अजून आहेत, ते गुऱ्हाळाच्या चरकांमुळे आणि ऑइल इंजिनांमुळे. मामंजींनी मला वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा शिकवलं ते हेच काम. रॉडचं तोंड जुना धातू काढून लख्ख घासायचं, फ्लक्स लावून आतून कथलाचा पातळ थर चढवायचा, भांड्याला कल्हई करतात तसा. हा थर नीट नाही बसला तर वरचं सगळं फुकट, धातू सालपटासारखा सुटतो. मग रॉड साच्यात धरून गरम करायचा आणि वितळलेला व्हाइट मेटल एका धारेत ओतायचा, मध्ये थांबायचं नाही. धातू पुरेसा तापला का हे बघायला मामंजी त्यात कोरडी काडी बुडवायचे. तपकिरी झाली तर ओत. भडकून पेटली तर थांब, जास्त तापलाय. मीटरवाली भट्टी आली तरी आमच्याकडे काडी बुडवतातच. गार झालं की लेथवर बोअर करायचं आणि नंतर खरं काम: क्रँकला निळा रंग पुसटसा लावायचा, रॉड बसवून फिरवायचा, काढून बघायचं. निळं जिथं लागलंय तो उंचवटा, तो स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा बसवायचा, पुन्हा काढायचा. सगळीकडे सारखी निळी छटा येईपर्यंत हे चालतं आणि एका रॉडला अर्धा दिवस सहज जातो. असे सहा रॉड. कुणी तुम्हाला "दोन दिवसात इंजिन करून देतो" म्हणाला तर चहा पिऊन उठा.

हे काम झालंय का, आणि नीट झालंय का, ते कानाने ओळखायचं. इंजिन चांगलं गरम होऊ द्या. सपाट रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाला आणा आणि अॅक्सिलरेटर हळूच सोडा, इतका की गाडी ओढतही नाही आणि अडवतही नाही. त्या अधल्यामधल्या क्षणी खालून टक-टक-टक असा हलका हातोडीसारखा आवाज आला तर एखादा रॉड सैल झालाय. मग गाडी उभी करून, इंजिन थोडं चढं ठेवून, एकेका प्लगची वायर काढून बघायची. ज्या सिलिंडरची काढल्यावर आवाज दबतो, तो रॉड गुन्हेगार. फार सैल नसेल तर टोपीखालची एखादी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, काढून भागतं, ही त्या काळच्या इंजिनाची सोय. आवाज ऐकूनही "जुन्या गाडीत एवढं चालतंच" असं मालक म्हणाला तर त्याला चालू द्या, तुम्ही चालवू नका.

ब्रेकचं पेडल एक मिनिट जोरात दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर गेला. या गाडीत ब्रेकच्या तेलाची सगळी नळी एकच आहे. आजच्यासारखे दोन भाग नाहीत. एका चाकाची रबरी नळी, म्हणजे होज, फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. मागे उरतो तो हँडब्रेक, तो वेगळ्या केबलने मागच्या चाकांवर चालतो. म्हणून आई-वडिलांना बसवायच्या आधी सगळे होज नवे, मास्टर सिलिंडर नवा किंवा आत नवी नळी बसवून स्लीव्ह मारलेला आणि हँडब्रेक चढावर गाडी धरेल इतका घट्ट. यात काटकसर करणाऱ्याला मी गाडी घेऊच नका म्हणते.

अजून एक. तुमची गाडी 'मास्टर' आहे की 'मास्टर डीलक्स', ते नीट बघा. डीलक्सला पुढे 'नी-अॅक्शन' सस्पेन्शन असतं, तेल भरलेल्या डब्यातली स्प्रिंग. नीट असेल तर गाडी होडीसारखी जाते. पण त्याचं सील गेलं की तेल गळतं, चाक थरथरतं आणि ते दुरुस्त करणारा माणूस मिळणं मुश्कील. साध्या मास्टरला पुढे सरळ अॅक्सल आणि पाट्याच्या स्प्रिंगा, ट्रॅक्टरच्या मेस्त्रीलाही कळतं असं. पहिल्या गाडीला साधी मास्टरच बरी. टायर ६.००-१६ मापाचे, ते जुन्या जीपला लागतात म्हणून आपल्याकडे मिळतात. फक्त दुकानदार ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर गळ्यात मारेल, मापाचा आकडा तोच असतो. त्याची उभ्या रेघांची नक्षी ओळखा आणि परत द्या.

ट्रायलला पुण्यात जुन्या कात्रज घाटातून चला, मालकासह चार माणसं बसवून. चढ संपल्यावर तापमानाचा काटा बघा, बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा स्टार्ट मारा. गरम इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात उचललं तर बॅटरी, वायर, डायनामो या सगळ्यांची हजेरी एकदम लागली. इथं एक पाहून ठेवा: सिस्टिम सहा व्होल्टची आहे. तेवढ्याच ताकदीला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीची केबल अंगठ्याएवढी जाड हवी. रंग देताना सगळं सुंदर करणाऱ्यांनी नेमकी इथंच आजच्या गाडीची बारीक केबल टाकलेली असते, मग स्टार्टर कण्हतो आणि बॅटरीला शिव्या बसतात.

गोव्याला जाताना हमरस्त्याने निपाणीपर्यंत ट्रकांच्या शर्यतीत पळू नका. पासष्ट-सत्तरला ही गाडी दिवसभर आनंदाने चालते, त्यावर दामटण्यात अर्थ नाही. उत्तूर, आजरा, आंबोली असं जा.

"फोर्ड मॉडेल ए चांगली की शेव्हरोले? माझ्या मेहुण्याच्या ओळखीत १९३० ची फोर्ड आहे, स्वस्तात देतोय." – सांगली

फोर्ड ए माझी लाडकी गाडी आहे. चार सिलिंडर, ४० हॉर्सपॉवर, पेट्रोलची टाकी समोरच्या काचेच्या खाली, त्यामुळे पेट्रोल पंप नाहीच. पेट्रोल वरून खाली आपोआप येतं. १९२७ च्या शेवटापासून १९३१ पर्यंत ती जवळजवळ अठ्ठेचाळीस लाख बनली, त्यामुळे परदेशात आजही तिचा स्क्रू न् स्क्रू नवा मिळतो. मेकॅनिक शिकायचं असेल तर तिच्यासारखी मास्तरीण नाही. स्टिअरिंगखाली डावीकडच्या दांडीने स्पार्कची वेळ पुढे-मागे करायची, उजवीकडच्या दांडीने गॅस द्यायचा. स्पार्क मागे न घेता हँडल मारलं तर ते उलटं फिरून मनगट मोडतं. एकाही गियरला सिंक्रोमेश नाही, प्रत्येक वेळी डबल क्लच, म्हणजे एका बदलाला क्लच दोनदा दाबायचा. ब्रेक चारही चाकांना आहेत पण सळ्यांचे, आणि ते चारही सारखे धरतील असं जुळवणं ही एक साधना आहे.

तुम्ही लिहिलंय की बायका-मुलांना घेऊन फिरायचंय. मग शेव्हरोले. एकट्याने रविवारी सकाळी मिरजेपर्यंत जाऊन यायचं असेल तर मेहुण्याला आजच फोन करा. आणि बॅटरी जोडताना बघा, फोर्डला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडतात, शेव्हरोलेला निगेटिव्ह.

"आमच्या गावात एकाची जुनी मोरिस गाडी २०१९ च्या पुरात छतापर्यंत बुडाली होती. आता रंगरंगोटी करून विकायला काढली आहे. पुराची गाडी घ्यावी का?" – कुरुंदवाड

कुरुंदवाडच्या माणसाने मला हे विचारावं! पुरानंतर घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गाडीतही ती राहते, फक्त शोधावी लागते. मागची सीट उचला आणि पाठीमागच्या पत्र्याला हात लावा. हेडलाइट खोलून आतल्या वाटीत बघा. दाराच्या आतला पुठ्ठा काढा आणि तळाशी बोट फिरवा, पंचगंगेची गाळमाती बारीक असते, पावडरसारखी हाताला लागते. रंग देणारा इथपर्यंत कधी जात नाही.

जुनी गाडी पुरातून वाचू शकते, आजच्या गाडीपेक्षा सोपेपणाने, कारण तिच्यात कॉम्प्युटर नाही. पाणी ओसरल्यावर आठवडाभरात इंजिन, गियरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांतलं तेल काढून, धुऊन, पुन्हा भरलं असेल तर ती ठणठणीत असू शकते. महिनाभर तशीच राहिली असेल तर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे पडले, ते आवाजाने कळतील. मालकाला सरळ विचारा, तेल कधी बदललं. गावातला माणूस आहे, पुरानंतर ती गाडी कुठल्या गॅरेजसमोर किती दिवस उभी होती हे चार घरं विचारलंत तरी कळेल.

"आजोबांची १९३९ ची गाडी आहे. कागद एमएच ०९ चे आहेत, मुदत संपत आली आहे. एजंट म्हणतो 'व्हीए' नंबर घ्या, रुबाब पडतो. घेऊ का?" – कागल

रुबाब पडतो हे खरं. पण नियम वाचून मग ठरवा.

२०२१ च्या जुलैत केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांवरच्या खासगी दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी पाच हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. ज्यांची आधीच नोंदणी आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो.

एजंट जे सांगत नाही ते हे: व्हिंटेज नोंदणीची गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि यांसाठीची ये-जा, एवढ्याचसाठी. मावशीच्या लग्नाला गडहिंग्लजला जाणं त्या यादीत नाही. गोव्याची सहलही नाही. तुमचे साधे कागद जिवंत आहेत, तर ते मरू देऊ नका. गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण करत रहा आणि हवं तिथं फिरा. ज्याचे कागद कधीच हरवले, किंवा ज्याला गाडी फक्त रॅलीपुरती काढायची आहे, त्याला 'व्हीए' उत्तम.

नूतनीकरणाला जायच्या आधी घरी बसून एक करा. चासीवरचा आकडा तारेच्या ब्रशने घासून, खडूने चोळून वाचा आणि आरसी बुकाशी ताडून बघा. इंजिनाचाही. १९३९ पासून आजपर्यंत इंजिन बदललं नसेल असं धरून चालू नका, आणि ते बदलल्याची नोंद आजोबांनी केली होती का हे आरटीओच्या टेबलासमोर कळण्यापेक्षा ओसरीवर कळलेलं बरं.

"नव्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?" – गडहिंग्लज

आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपापंपावर आहे. आपल्याच उसाचं आहे म्हटल्यावर फार बोलता येत नाही. जुन्या गाडीत त्याचा त्रास इंजिनाच्या आतल्या भागाला नाही, वाटेतल्या भागांना होतो. पंपाचा पडदा, जुन्या रबरी नळ्या, बुचाच्या वॉशर, हे सगळं फुगतं, मऊ पडतं, चिरतं. इथेनॉल हवेतली ओलही ओढतं, म्हणून चार महिने पावसाळ्यात उभ्या गाडीत टाकीच्या तळाला पाणी आणि गंज.

इलाज स्वस्त आहे. पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या टाका. टाकी आणि पंपामध्ये काचेचा फिल्टर बसवा, गंज डोळ्यांना दिसेल. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं छिद्र, एक नंबर मोठा करावा लागतो, कारण या पेट्रोलने मिश्रण पातळ पडतं; प्लग काढून बघा, चुन्यासारखे पांढरे दिसले तर जेट मोठा करा. पावसाळ्यात गाडी उभी करणार असाल तर टाकी गच्च भरून करा म्हणजे आत हवा कमी राहते.

महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालू नका, उगाच पैसे. त्या काळचं इंजिन सहा-सव्वासहाला एक एवढंच दाबतं, त्याला साध्या पेट्रोलचा ऑक्टेनसुद्धा चैन आहे. घाटात दुपारच्या उन्हात गाडी अचानक फुरफुरून बंद पडली तर पेट्रोल पंपाजवळ उकळून त्याची वाफ अडकलीय. पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं सावलीत बसा. मेस्त्री बोलवू नका, तो पोचेपर्यंत गाडी सुरू झालेली असते आणि त्याला पैसे द्यावे लागतात.

"एका गाडीत मालकाने डिझेल इंजिन टाकलंय, ॲव्हरेज पंधराचं देते म्हणतो. फिरायला स्वस्त पडेल ना?" – निपाणी

पडेल. पण मग जीपच घ्या की, ती अजून स्वस्त पडते.

मस्करी सोडा. एका जमान्यात पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून लोकांनी हे केलं, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, गाडी भंगारात जाण्यापेक्षा चालत राहिली. पण डिझेल इंजिन जड आणि थरथरणारं. त्यासाठी चासीचे आडवे पट्टे कापलेले असतात, पुढच्या स्प्रिंगांवर जास्त वजन येतं, तेच जुने ब्रेक. व्हिंटेज नोंदणी तर मिळणारच नाही. मूळ इंजिन कोपऱ्यात पडलेलं आहे का ते विचारा. असेल तर दोन्हीचा सौदा करा. नसेल तर हात जोडा.

"मी शिक्षिका आहे. वडिलांची १९३९ ची शेव्हरोले नीट करून घेतली आहे. भाऊ म्हणतो ही गाडी बायकांना झेपत नाही, स्टिअरिंग जड आहे. मला चालवायची आहे. कसं शिकू?" – कोल्हापूर

भावाला सांगा, उद्यमनगरातली एक बाई रोज लेथ चालवते, तिला विचारून सांगते.

स्टिअरिंग जड असतं ते उभ्या गाडीत. चाक जराही फिरत असेल तर ते हलकं होतं, म्हणून गाडी हातभर पुढे-मागे सरकवतच स्टिअरिंग फिरवायचं, उभ्या जागी ओढायचं नाही. टायरमध्ये हवा कमी ठेवली की जडपणा वाढतो, तेही बघा. एवढं करूनही हात भरून येत असतील तर पुढची चाकं ज्यावर वळतात ते किंगपिन सुकलेत, ग्रीस मारायला सांगा.

तुमच्या गाडीत गियरची दांडी खाली आहे की स्टिअरिंगवर? १९३९ ला शेव्हरोलेने स्टिअरिंगवरचा व्हॅक्यूमचा गियर ऐच्छिक दिला होता. तो असेल तर दोन बोटांनी पडतो. पण व्हॅक्यूमची नळी कुठे चिरली तर अचानक दगडासारखा होतो, तेव्हा दांडीशी कुस्ती न खेळता नळी बघा.

स्टार्ट पायाने मारायचा असतो. न्यूट्रल, चोक ओढा, किल्ली, मग उजव्या पायाने स्टार्टरचं बटण. इंजिन धरलं की चोक हळूहळू आत. पहिला गियर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नका, त्याला सिंक्रोमेश नाही, दात कराकरा वाजतील आणि भाऊ मागच्या सीटवर हसेल. दुसरा आणि तिसरा मात्र नेहमीसारखे पडतात.

ब्रेक लागतो, पण उशिरा लागतो. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. मधे रिक्षा घुसेल, घुसू द्या, पुन्हा अंतर धरा. इंडिकेटर नाहीत आणि हात बाहेर काढून दाखवलेली खूण आता ट्रॅफिक पोलिसालाही कळत नाही, म्हणून मागच्या बंपरखाली सहा व्होल्टचे दोन छोटे इंडिकेटर बसवून घ्या. मूळ गाडीला छिद्र पाडायची गरज नाही, क्लॅम्पवर बसतात. मागचा लाल दिवाही तपासा, त्या काळी बऱ्याच गाड्यांना एकच असायचा. रात्री एक दिवा म्हणजे मागच्याला मोटरसायकल वाटते.

आधी सकाळी सहाला रंकाळ्याच्या कडेने फिरा, तेव्हा फक्त चालायला आलेले लोक असतात. ते बघतील, हात करतील, लक्ष देऊ नका. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक गाडी दसरा चौकात आली की सगळं गाव असंच बघतं, कोल्हापूरकरांना त्याची सवय आहे. हात बसला की केर्लीमार्गे पन्हाळा. वाघबीळच्या चढाला गाडीला दुसऱ्या गियरमध्ये सावकाश जाऊ द्या, मागून हॉर्न वाजले तर जागा मिळेल तिथे बाजूला घ्या. वर पोचल्यावर रेडिएटरच्या झाकणाला लगेच हात लावू नका. त्याला दाबाचं झाकण नसतं, पाणी उकळत असेल तर सरळ हातावर येतं. आणि परत येताना उतार लागायच्या आधीच, वर सपाटीवर असतानाच दुसरा गियर टाकून घ्या. मधेच टाकायला गेलात आणि तो बसला नाही, तर तेवढा वेळ गाडी नुसत्या ब्रेकवर असते.